पातळ पंखाची किंमत

विमान जमिनीपासून जेमतेम तीन मीटरवर आलं होतं. उतरण्याआधीचं शेवटचं वळण घेताना मी थ्रॉटल पूर्ण बंद केला आणि डावा पंख एकाएकी कलंडला. स्टिक हलवेपर्यंत नाक मातीत रुतलं होतं. पिट्स धर्तीचं ते रिमोटवरचं बायप्लेन बांधायला चार महिने लागले होते.

चूक बांधणीतच होती, आणि माझी होती. पंखाची रुंदी, म्हणजे कॉर्ड, २८० मिलिमीटर. वेग मिळावा म्हणून मी ‘नाका ०००९’ हा एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, घेतला. यातले शेवटचे दोन आकडे जाडी सांगतात : कॉर्डच्या ९ टक्के, म्हणजे जेमतेम २५ मिलिमीटर. अवशेष गोळा करताना रिब कापायचा पुठ्ठ्याचा साचा दोन्ही बाजूंच्या पंखांना लावून पाहिला. उजवीकडे तो चिकटून बसला. डावीकडे लीडिंग एजपाशी, म्हणजे पुढच्या कडेपाशी, नखभर फट राहिली. पॉलिशपेपरने तिथे जास्तच घासलं गेलं होतं.

एअरफॉइल पातळ झाला की त्याची पुढची कडाही बारीक होते. याच कॉर्डवर ०००९ च्या कडेची त्रिज्या अडीच मिलिमीटर भरते, ००१५ ची जवळपास सात. नाक वर उचललं की बारीक कडेवरून हवा एकदम सुटते. गोल कडेला ती जास्त वेळ धरून राहते, त्यामुळे स्टॉल, म्हणजे पंखाची उचल कोसळणं, हळूहळू, इशारा देत येतो. मॉडेलचा पंख लहान आणि वेग कमी, म्हणून हा फरक इथे फार जाणवतो.

शिवाय पातळ पंखाने बायप्लेनचा वेग फारसा वाढतही नाही. दोन पंख, मधले खांब, ताणाच्या तारा हे सगळं हवेला अडवतंच. थ्रॉटल बंद करताच वेग झपाट्याने उतरतो तो त्यामुळेच. उलट, १५ टक्के जाडीत स्पार, म्हणजे पंखातला मुख्य दांडा, उंच बसतो. तेवढ्याच लाकडाचा स्पार ९ टक्क्यांच्या तुलनेत वाकण्याला जवळपास पावणेतीन पट ताठ होतो. मात्र जाडी याहून फार वाढवली, तर पंख चटकन स्टॉल होत नाही आणि स्नॅप रोल, म्हणजे मुद्दाम स्टॉल करून घेतलेली गिरकी, मंदावतो. १२ ते १५ टक्के हा पट्टा सोयीचा.

कर्टिस पिट्स यांचं पहिलं पिट्स स्पेशल १९४४ मध्ये उडालं. पुढे त्यांनी वरच्या आणि खालच्या पंखांना वेगवेगळे एअरफॉइल दिले. वरचा पंख पुढे असतो. तो आधी स्टॉल झाला, तर खालचा अजून वजन पेलत असतो आणि नाक आपोआप खाली येतं. कोणता पंख आधी स्टॉल होतो, हे तो बसवण्याच्या कोनावरही ठरतं. म्हणून मॉडेलमध्येही दोन्ही पंख किती अंशांत बसवले आहेत, ते इन्सिडन्स मीटरने मोजावं.

लीडिंग एज साच्याने दर हातभर अंतरावर तपासावी. पहिल्याच उड्डाणात भरपूर उंचीवर थ्रॉटल बंद करून एलिव्हेटर हळूहळू ओढावा. कोणता पंख पडतो आणि विमान किती उंची गमावतं, ते तिथेच कळतं. उतरताना चाकं टेकेपर्यंत थोडा थ्रॉटल ठेवावा.

नवे पंख मी १५ टक्क्यांचे, ४२ मिलिमीटर जाडीचे बांधले. उंचावर स्टॉल केलं, तेव्हा विमानाने नाक खाली घेतलं आणि पंख न पाडता ते पुन्हा उडू लागलं. तो पुठ्ठ्याचा साचा आता टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे.