३५ मिलिमीटर

चिकलठाणा एमआयडीसीत बावीस वर्षं मी लेथ चालवली आणि तेवढीच वर्षं तंबाखू मळली. डाव्या गालात आधी पांढरा चट्टा आला, मग न भरणारी जखम. ऑपरेशन झालं. पुढं आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात रेडिएशनचे ३० शेक घेतले. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. त्या दिवसांत जे शिकलो, ते सांगतो.

१. रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. तपासलेल्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड कुठं आहेत, ते विचारून ठेवा. परळच्या टाटाला दुसरं मत घ्यायचं ठरलं, तर तिथं तेच लागतात.

२. शेकाआधी दात दाखवा. माझी एक दाढ ठणकत होती. उपचार लांबतील या भीतीनं मी ती लपवली, पण दातांच्या तपासणीत सापडलीच. शेक घेतलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर दाढ काढली तर जखम भरत नाही, हाड कुजू शकतं. दाढ काढली, जखम भरू दिली, मगच शेक सुरू झाले.

३. तोंड रोज मोजा. शेकानं जबड्याचे स्नायू आखडतात आणि ते इतकं हळूहळू होतं, की घास जाईना झाल्यावरच कळतं. तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर ३५ मिलिमीटरपर्यंत किंवा त्याखाली आलं, की जबडा आखडला असं धरतात. आयुष्यभर मी मापं घेतलेली. प्लॅस्टिकचा व्हर्निअर आणला, सकाळी मोजायचं आणि बायकोनं वहीत लिहायचं. चौथ्या आठवड्यात ३७ वरून ३४. वही दाखवली, तेव्हा डॉक्टरांनी लगेच व्यायाम दिला : आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरायची आणि जमेल तशी एकेक वाढवायची. दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं. पण हे काम माझ्यासाठी दुसरं कुणी करू शकत नव्हतं. शेक संपल्यावरही वर्षभर केलं. आज ३९ आहे.

४. मास्क ढिला वाटला तर बोला. शेक देताना चेहरा हलू नये म्हणून जाळीचा मास्क बसवतात. वजन उतरलं की त्यात फट पडते. फिक्श्चर ढिलं झालं की जॉब सरकतो, हे आपल्या शॉपमधल्या कुणालाही समजेल. मी सांगितलं, त्यांनी तपासून नवा मास्क केला.

५. ‘हे तर आधीपासूनच आहे’ असं परस्पर ठरवू नका. शेकांबरोबर केमोही होती; त्यातल्या सिस्प्लॅटिन या औषधाच्या सलाइननंतर कानात शिट्टी वाजू लागली. मशीनच्या आवाजानं असेल म्हणून मी गप्प राहिलो. बायकोनं सांगून टाकलं. त्या औषधानं कान जाऊ शकतात. वेळेत कळलं तर डॉक्टर औषध बदलू शकतात. तापाचंही तसंच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला की रात्र काढायची नाही, दवाखाना गाठायचा.

६. तंबाखू सोडली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पोरांच्या खिशात पुडी असतेच. परवा शिफ्ट सुटल्यावर शॉपमधल्या एका पोराला म्हटलं, ‘‘तुझी तीन बोटं उभी तोंडात घाल बरं.’’ दोनच गेली. दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी टाकायला लावली आणि जालना रोडनं थेट घाटी रुग्णालयात घेऊन गेलो.