विटेतील हवा

घर तापेल की थंड राहील, हे पुष्कळ अंशी भिंतीवर अवलंबून असते. आणि भिंतीचा गुण ठरतो तो लहान भट्टीवाल्याने पुरविलेल्या विटेवरून. चंडीगडच्या उदाहरणावरून हे चांगले स्पष्ट होते.

१९५१ मध्ये ह्या शहराच्या उभारणीला आरंभ झाला, तेव्हा पोलाद महाग होते आणि वीट स्वस्त. सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरांचे आराखडे करणाऱ्या पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू यांनी साहजिकच विटेचा आधार घेतला. उन्हाळ्यात तेथे पारा ४० अंशांवर चढतो. विटांच्या जाळ्या, खोल सज्जे आणि आत घेतलेल्या खिडक्या यांच्या योगाने त्यांनी ऊन बाहेरच अडविले. वीट मात्र भरीवच राहिली.

भरीव वीट दिवसा तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. विटेत पोकळ्या ठेवल्या, तर त्यांत कोंडलेली हवा उष्णतेला अडविते. शिवाय माती कमी लागते आणि भाजण्यास कोळसाही कमी पुरतो. चंडीगड येथील पंजाब राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेने अशा विटांचा भट्टीवाल्यांमध्ये प्रसार केला आहे.

दुसरी सुधारणा भट्टीच्या आत झाली. कच्च्या विटा नागमोडी रचल्या, की उष्ण वायूंना लांबचा मार्ग आक्रमावा लागतो व त्यांची उष्णता विटांना अधिक मिळते. जुन्या खंदक-भट्टीच्या मानाने सुमारे एक पंचमांश कोळसा वाचतो.

ह्या दोहोंपैकी नागमोडी रचना अधिक पसरली. तिला प्रदूषणविषयक नियमांचा आधार मिळाला, हे खरे. पण वाचलेल्या कोळशाचे पैसेही त्याच हंगामात भट्टीवाल्याच्या पदरात पडतात. पोकळ विटेचे तसे नाही. तिला यंत्र, वीज व भांडवल लागते. गवंडी तिच्या मजबुतीविषयी साशंक असतो. आणि विजेच्या बिलातील बचत होते ती घरात राहणाऱ्याची. धोका एकाचा, लाभ दुसऱ्याचा, अशी ही स्थिती आहे.

२०१८ च्या इको-निवास संहितेने छप्पर सोडून भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरला १५ वॉट ही मर्यादा घातली. ती बांधकामाच्या निविदांत उतरली, तर पोकळ विटेला हमखास गिऱ्हाईक लाभेल. लहान उत्पादकाच्या कल्पकतेला उपदेशापेक्षा अशा मागणीचीच अधिक गरज असते.