घर सांभाळणाऱ्या आईच्या कामाची किंमत किती?

प्रश्न : माझ्या जन्मानंतर आईने नोकरी सोडली आणि आम्हा भावंडांना वाढवलं. कॉलेजच्या अर्जात तिच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलं गेलं, ते मला खटकलं. या कामाची किंमत आपल्या देशात कुणी रुपयांत ठरवली आहे का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : ठरवली आहे, न्यायालयांनी. पण हा हिशेब बहुधा ती बाई अपघातात गेल्यावर होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला जमशेदजी टाटांच्या जयंतीच्या सोहळ्यात भीषण आग लागली. मृतांमध्ये अनेक गृहिणी होत्या. नुकसानभरपाई ठरवण्याचं काम माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे आलं. ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या कामाचं मोल त्यांनी वर्षाला १२,००० रुपये धरलं. सर्वोच्च न्यायालयाला ते फार कमी वाटलं आणि २००१ मध्ये त्याने ते ३६,००० केलं. म्हणजे महिन्याला ३,००० रुपये! स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजारपणं, म्हाताऱ्यांची उठबस, यांतल्या एकेका कामाला माणूस ठेवून बघा, म्हणजे हा आकडाही किती तोकडा होता ते कळेल.

पुढे जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातच न्या. एन. व्ही. रमणा यांनी अशाच एका अपघाताच्या खटल्यात २०११च्या जनगणनेचा दाखला दिला. घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असं सुमारे १६ कोटी स्त्रियांनी सांगितलं होतं. असं सांगणारे पुरुष होते जेमतेम ५८ लाख. गृहिणीचं उत्पन्न गृहीत धरून भरपाई देणं ही तिच्या श्रमाची आणि त्यागाची दखल आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं.

राष्ट्रीय उत्पन्नात मात्र हे काम आजही धरत नाहीत. जगभर मान्य असलेल्या हिशेबपद्धतीनुसार शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेलं धान्य उत्पन्नात येतं. तुम्ही स्वतःच्या घरात राहत असाल, तर त्या घराचं भाडंसुद्धा अंदाजाने त्यात धरतात. ते घर चालवणारीचे कष्ट तेवढे वगळले जातात. तुमच्या आईने शेजाऱ्यांना पैसे घेऊन डबा दिला तर तो उत्पन्नात येईल, तुम्हाला दिला तर नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं, असं दिसलं. लहानग्यांचं आणि आजाऱ्यांचं करण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही.

जिवंतपणी मिळणाऱ्या हक्काचं काय? गोव्याच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात, नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोचा निम्मा वाटा मान्य केला. महाराष्ट्रात असा सरसकट कायदा नाही. म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच : घराच्या कागदपत्रांवर आणि बचतीच्या खात्यांवर आईचं नाव आहे का, हे बाबांना आजच विचारा. नसेल तर ते लावून घ्या.