मसाला जमला, वसुली शिकावी लागली

कांदा-लसूण मसाला आमच्या घरात पिढ्यांचा. नुसती मूठभर मिरची हातात घेऊन सासूबाई सांगत, हिला अजून दोन उन्हं हवीत. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. कांदा कडक वाळवून तळायचा. ओल राहिली की मसाल्याला बुरशी धरते. मसाला कांडायचा डंक बसवला तेव्हा ही जाणकारी हेच आमचं खरं भांडवल होतं, आणि गिऱ्हाईकही तिच्यामुळंच मिळालं.

मग एका मोठ्या दुकानदाराची ऑर्डर आली. माल त्यानं आनंदानं उतरवून घेतला, पैसे पुढच्या महिन्यात म्हणाला. महिने उलटत गेले. वर्षाची मिरची फेब्रुवारी ते एप्रिलच्या हंगामात रोखीनं भरावी लागते, नंतर शीतगृहातली महाग पडते. आमची रक्कम त्याच्याकडं अडकलेली, म्हणून त्या उन्हाळ्यात निम्मीच मिरची भरता आली. मालाला खप होता, नफाही होता, तरी डंक बंद ठेवायची पाळी आली.

हातात विद्या असली तरी बाजार वेगळा शिकावा लागतो, म्हणून लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण मला इथं फार जवळचं वाटतं. लक्ष्मणराव मुंबईत यंत्रविद्या शिकवणारे. पण लोखंडानं जमीन नासते या समजुतीपुढं त्यांचा पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्याचं मन कसं वळवायचं, हे बाजारात उतरूनच कळलं.

उधारीचं शिक्षण मात्र आधी घेता येतं. उद्यम नोंदणी आधारवर, विनाशुल्क होते. ती पहिला माल जाण्याआधी करा. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे, त्याचा आधार या नोंदणीमुळं घेता येतो. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि दाद मागायला सुविधा परिषद आहे. वकिलानं हे आम्हाला सांगितलं तेव्हा आमच्याकडं नोंदणीही नव्हती, पोचेची सहीही नव्हती. म्हणून चलनावर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत फिरवू नका. दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

मशीनचं कोटेशन मागवण्याआधी याच धंद्यातल्या कुणाकडं एक पूर्ण हंगाम काढा, आणि त्यांच्याबरोबर वसुलीलाही जा.