स्पंज आणि समुद्रतळावरील जीवन
(सामान्य विज्ञान : इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

पाटी पुसण्याचा स्पंज बहुतेक मुलांच्या परिचयाचा असतो. आज दुकानांत मिळणारे बहुतेक स्पंज कृत्रिम असतात. परंतु ज्या वस्तूवरून त्यांना हे नाव मिळाले, ती वस्तू म्हणजे समुद्राच्या तळाशी जगणाऱ्या एका प्राण्याचा मऊ सांगाडा होय, हे मुलांस सहसा ठाऊक नसते. वर्गात हा विषय निघाला की 'स्पंज हा सच्छिद्र प्राणी आहे' एवढे वाक्य पाठ करून घेतले जाते आणि पाठ पुढे सरकतो. वास्तविक एका जिवाच्या कामावर इतर किती जीव विसंबून असतात, हे शिकविण्यास स्पंजासारखे उदाहरण विरळा. त्या दृष्टीने पाठाची मांडणी पुढे दिली आहे.

१. प्राणी कसा?

स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, हातपाय नाहीत. पूर्ण वाढलेला स्पंज खडकाला चिकटून एकाच जागी राहतो. त्यामुळे तो वनस्पती असावा, असे पुष्कळांना दीर्घकाळ वाटे. १८२५ च्या सुमारास रॉबर्ट ग्रँट या स्कॉटिश शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तेव्हा त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याचा प्रवाह सतत बाहेर पडताना दिसला. पाणी अंगावरील असंख्य बारीक छिद्रांतून आत शिरते आणि मोठ्या छिद्रातून बाहेर जाते. आतील पोकळ्यांना कॉलर पेशींचे अस्तर असते. प्रत्येक पेशीला चाबकासारखा एक केस असतो. असे लक्षावधी केस हालत राहिल्याने पाणी वाहते, आणि त्यातील सूक्ष्म जीव व अन्नकण पेशी टिपून घेतात.

येथे एक गैरसमज टाळावा. स्पंजाला गाळणीची उपमा देता येते, परंतु गाळणीत पाणी आपण ओततो. स्पंज ते स्वतः ओढून घेतो. ल्यूकोनिया नावाचा, सुमारे १० सेंटिमीटर उंच व १ सेंटिमीटर जाड असा लहानसा स्पंज दिवसाकाठी सुमारे २२.५ लिटर पाणी अंगातून वाहवितो. बोटाएवढा प्राणी आणि दीड बादली पाणी, अशी तुलना केल्यास मुलांना हे चटकन उमगेल.

२. टाकाऊतून अन्न

प्रवाळांच्या भोवतीचे पाणी नितळ असते, म्हणजेच त्यात अन्नकण फार थोडे असतात. तरीही तेथे जीवांची दाटी कशी, हा प्रश्न शास्त्रज्ञांना जुना आहे. कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओ बेटाजवळ नेदरलँड्सच्या संशोधकांनी केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग पुढे आणला. प्रवाळ व शैवाल यांच्या अंगातून काही पोषक द्रव्ये पाण्यात विरघळून जातात. बहुतेक प्राण्यांना विरघळलेले अन्न घेता येत नाही. स्पंज ते शोषून घेतात. त्यांतील एका जातीच्या गाळणाऱ्या पेशी सुमारे साडेपाच तासांत एक विभाजनचक्र पूर्ण करतात. जुन्या पेशी गळून तळाशी पडतात, त्या बारीक जीव खातात आणि त्या जीवांना मोठे प्राणी खातात. अशा रीतीने वाहून जाणारे अन्न स्पंजामुळे पुन्हा पंक्तीत येते.

३. स्पंज मेले तेव्हा

अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांताच्या दक्षिण टोकाला फ्लोरिडा उपसागर नावाचे उथळ पाणी आहे. तेथील तळावर मोठमोठे स्पंज विखुरलेले असत आणि त्यांच्या आडोशाला शेवंडांची पिले दिवसा लपून राहत. १९९१ च्या अखेरीस तेथे निळ्या-हिरव्या सूक्ष्म जीवांची बेसुमार वाढ होऊन पाणी गढूळ झाले आणि विस्तीर्ण भागांतील स्पंज मेले. जेथे दुसरा आडोसा होता तेथे पिलांची गर्दी झाली. जेथे नव्हता तेथे त्यांची संख्या घटली. स्पंजांत राहून चटचट आवाज करणाऱ्या कोळंब्या नाहीशा झाल्याने समुद्राचा तळ नेहमीपेक्षा शांत झाला, असेही नंतरच्या अभ्यासांत आढळले. शिवाय पाणी गाळणारेच कमी झाले, म्हणून पुढच्या वेळी अशी वाढ रोखण्याचे बळही घटले. पुढे २००७ व २०१३ सालीही तेथे असेच संकट आले. स्पंजाच्या तुकड्यापासून नवा स्पंज वाढतो. या गुणाचा उपयोग करून तेथे तुकडे आधारावर बांधून वाढविण्याचे व उजाड तळावर लावण्याचे काम केले जाते.

४. दुसरी बाजू

प्रत्येक स्पंज इतरांचा आधारच असतो, असे मुलांना सांगू नये. काही जाती शिंपले व प्रवाळ पोखरतात. कोकणातील शाळांनी किनाऱ्यावर पडलेली कालवांची जुनी शिंपले गोळा करावीत. काहींवर बारीक गोल छिद्रांची चाळण दिसेल. ती पुष्कळदा पोखरणाऱ्या स्पंजाची खूण असते. अशा पोखरण्यातून चुना मोकळा होऊन समुद्राला परत मिळतो, हेही त्यासोबत सांगावे. खडकावर जिवंत स्पंज आढळल्यास तो उपटू नये, जागेवरच दाखवावा.

५. वर्गातील कृती

ज्या गावांना समुद्र दूर, त्यांनी दोन पेल्यांत गढूळ पाणी घ्यावे. एक पेला तसाच ठेवावा, दुसऱ्यातील पाणी फडक्यातून गाळावे. फडक्यावर गाळ साचून ते लवकरच तुंबते. मग विचारावे : स्पंज तुंबून का जात नाही? त्याने गाळलेल्याचे पुढे काय होते? या दोन प्रश्नांची उत्तरे मुलांनी स्वतः शोधली, तर व्याख्या पाठ करून घेण्याची गरज उरत नाही.

स्वाध्याय :
(१) गाळणी आणि स्पंज यांतील फरक सांगा.
(२) स्पंज मेल्याने शेवंडांचे नुकसान का झाले?
(३) तुमच्या गावच्या विहिरीत, तळ्यात किंवा शेतात असे निमूटपणे काम करणारे कोणते जीव आहेत? ते नाहीसे झाले तर कोणाकोणाचे अडेल, ते लिहा.