मूत्राशय वाचवायचं, पण कधीपर्यंत?

मूत्राशयाचा कर्करोग लवकर सापडला, तर औषध रक्तातून शरीरभर फिरवण्याची गरज बहुधा पडत नाही. लघवीच्या मार्गाने बारीक नळी घालून ते थेट मूत्राशयात सोडतात. रुग्णाने साधारण दोन तास लघवी रोखून धरायची आणि मग मोकळं व्हायचं. कॅनडातल्या किंग्स्टन इथल्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी 1976 साली क्षयाची लस, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या दंडावर टोचलेली बीसीजी, अशाच पद्धतीने नऊ रुग्णांना दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. लशीतले दुबळे केलेले जिवंत जंतू मूत्राशयाच्या अस्तरात दाह निर्माण करतात, शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धावून येते आणि कर्करोगाच्या पेशींवरही तुटून पडते. जास्त धोक्याच्या प्राथमिक कर्करोगात आजही पहिलं औषध तेच आहे.

ज्यांना बीसीजी लागू पडत नाही, त्यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहतो. वैद्यकशास्त्राचं ठरलेलं उत्तर आहे मूत्राशय काढून टाकण्याचं. ते कुणालाच नको असतं. अशा वेळी कुणी नव्या औषधाच्या चाचणीत नाव घालण्याबद्दल विचारलं, तर रुग्ण आणि घरचे हो म्हणण्याच्याच बेतात असतात.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, याच वळणावर आले होते. मूळचे सांगलीचे, नोकरीमुळे न्यू जर्सीत स्थायिक झालेले. ऐन उमेदीत सिगारेट भरपूर ओढलेली. एके दिवशी लघवीतून रक्त गेलं, वेदना मात्र अजिबात नाही. हा या आजाराचा सगळ्यांत ठळक इशारा, आणि दुखत नाही म्हणून सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. दाजींनी दुर्लक्ष केलं नाही. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, बायोप्सीत जास्त धोक्याचा पण वरच्या अस्तरापुरता कर्करोग निघाला. पुढे जे घडलं ते सगळ्यांना कळावं, ही त्यांचीच इच्छा. म्हणून हे लिहिते आहे.

पहिला घोळ डोसांच्या मोजणीत झाला. सुरुवातीला दर आठवड्याला एक असे सहा डोस, आणि मग तिसऱ्या महिन्यापासून ठरावीक अंतराने दर वेळी तीन, अशी बीसीजीची रीत आहे. पण सनोफी कंपनीने 2017 मध्ये या औषधाचं उत्पादन थांबवल्यापासून अमेरिकेची सगळी भिस्त मर्क या एकाच कंपनीवर होती. टंचाई इतकी, की कुठे डोस कमी करून दिले जात, कुठे पुढचे डोस टाळले जात. (पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये या कर्करोगासाठीची बीसीजी तयार होते, हे आपल्याकडच्या रुग्णांना ठाऊक असलेलं बरं.) दाजींचेही डोस मध्येच थांबले, तपासणीत संशयास्पद पेशी दिसल्या आणि त्यांच्या रुग्णालयाने ‘बीसीजी फेल’ असा शेरा मारून चाचणीचं नाव सुचवलं.

ताईने दुसरं मत घेण्याचा हट्ट धरला. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी कागद काढून डोस मोजले. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, 2018 मध्येच याची व्याख्या घालून दिली आहे: सहापैकी किमान पाच आणि पुढच्या फेरीचे किमान दोन डोस झाल्याशिवाय पुरेशी बीसीजी मिळाली असं म्हणता येत नाही. दाजींना ती मिळालीच नव्हती. उपलब्ध होताच राहिलेले डोस दिले गेले. तरीही कर्करोग परतला, तेव्हा कुठे ते चाचणीसाठी खऱ्या अर्थाने पात्र ठरले.

म्हणून नवीन औषधाकडे वळण्याआधी दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. किती डोस झाले, कोणत्या तारखांना, पूर्ण ताकदीचे की कमी, हे लिहून काढावं. दुसरी गोष्ट पॅथॉलॉजी रिपोर्टची. खरवडून काढलेल्या तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू आला होता का, हे त्यात लिहिलेलं असतं. स्नायू आलाच नसेल, तर कर्करोग किती खोल गेलाय ते सांगता येत नाही. अशा वेळी, आणि आजार अस्तराखालच्या थरात शिरला असेल तेव्हाही, साधारण दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बिणीने खरवडतात. हे न करता सुरू केलेलं कुठलंही औषध, जुनं असो वा नवं, अंदाजावर दिलेलं असतं.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात खरोखर मोलाचं काम झालं आहे. इंटरफेरॉनचं जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर बसवून मूत्राशयात सोडणारं नाडोफॅराजीन हे औषध डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते तीन महिन्यांतून एकदा द्यायचं. बीसीजीच्या जोडीने देण्याचं अँक्टिव्हा एप्रिल 2024 मध्ये आलं. सप्टेंबर 2025 मध्ये टार-200 ला मान्यता मिळाली. ही एक छोटीशी वेटोळी नळी असते. मूत्राशयात ठेवली की तीन आठवडे ती जेमसिटाबिन हे औषध थोडं थोडं सोडत राहते. दोन तास रोखून धरण्याची कसरतच उरत नाही.

पण या औषधांच्या बातम्यांत एकच आकडा मोठ्या अक्षरात असतो. टार-200 च्या चाचणीत 82 टक्के रुग्णांचा कर्करोग दिसेनासा झाला, हे खरं. त्या 82 पैकी वर्षभर किंवा जास्त काळ तसेच राहिले 51 टक्के. म्हणजे सुरुवात केलेल्या शंभरातले साधारण बेचाळीस. अँक्टिव्हाचे आकडे 62 आणि 58, म्हणजे शंभरात छत्तीस. नाडोफॅराजीनचे 51 आणि 46, म्हणजे तेवीस. चाचण्या वेगवेगळ्या, रुग्ण वेगळे, त्यामुळे यावरून औषधांची आपसांत क्रमवारी लावू नये. पण डॉक्टरांना दोन्ही आकडे विचारावेत: किती जणांना गुण आला आणि वर्षानंतर त्यांतल्या किती जणांचा टिकला. शिवाय या चाचण्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, सगळ्यांना तेच औषध दिलं होतं. याच कारणावरून मध्यम धोक्याच्या गाठींसाठीच्या यूजीएन-102 या औषधावर मे 2025 मध्ये एफडीएच्या सल्लागार मंडळात चार विरुद्ध पाच असा कौल विरोधात गेला. तरी पुढच्याच महिन्यात त्याला मंजुरी मिळाली. तज्ज्ञांमध्येही मतभेद असतात, तेव्हा रुग्णाने प्रश्न विचारण्यात संकोच कशाला?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न वेळेचा. 1998 मध्ये मंजूर झालेल्या वॅलरुबिसिन या औषधाने साधारण पाचांतल्या एकालाच पूर्ण गुण आला होता. तीन महिन्यांत कर्करोग गेला नाही तर मूत्राशय काढण्याचा पुन्हा विचार करा, उशिरामुळे आजार पसरू शकतो, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच छापलेला आहे. दाजींच्या बाबतीत नेमकी हीच वेळ हातची गेली. चाचणीतलं औषध सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत त्यांच्या मूत्राशयात कर्करोग शिल्लक होता. चाचणीच्या नियमावलीत औषधाची आणखी एक फेरी देण्याची मुभा होती, ती त्यांनी घेतली. त्यानंतर ते चाचणीतून बाहेर पडले, आणि पुढची दुर्बीण कुणी करायची हेच कुणाला स्पष्ट नव्हतं. चाचणी करणाऱ्या केंद्राला वाटलं नेहमीचे डॉक्टर बघतील, नेहमीच्या डॉक्टरांना वाटलं केंद्र बघतंय. ताई दोन्हीकडे फोन करत राहिली. तपासणी झाली तोवर कर्करोग स्नायूत शिरला होता. मग केमोथेरपी, मूत्राशय काढण्याची मोठी शस्त्रक्रिया आणि पोटावर कायमची पिशवी. दाजी आज बरे आहेत, फिरतात, नातवंडांना शाळेतून आणतात. पण आजार अस्तरापुरता असताना झालेली शस्त्रक्रिया आणि स्नायूत शिरल्यावर झालेली शस्त्रक्रिया यांत फार अंतर आहे, जिवाच्या जोखमीचंसुद्धा.

औषधाने त्यांना फसवलं नाही. चाचणीत जाण्याचा निर्णयही चुकीचा नव्हता; असे रुग्ण पुढे आले नसते तर वरची एकही मंजुरी झाली नसती. सही करण्याआधी थांबण्याची तारीख ठरायला हवी होती. कोणत्या महिन्यात, कोणत्या तपासणीत काय दिसलं की औषध बंद करून शस्त्रक्रियेकडे जायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. मूत्राशय काढणाऱ्या सर्जनला चाचणी सुरू होण्यापूर्वीच एकदा भेटून ठेवावं. आणि चाचणी संपल्यावर किंवा मध्येच सोडल्यावर दुर्बीण, लघवीतल्या पेशींची तपासणी आणि स्कॅन यांची जबाबदारी कोणत्या एका डॉक्टरची, ते नावानिशी विचारावं.

भारतात चाचणीचा प्रस्ताव आला, तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का ते इंटरनेटवर कुणालाही बघता येतं. पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद होणं बंधनकारक आहे. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. संमतीपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत मागावं, घरी नेऊन वाचावं, सही केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवावी. त्यात मुख्य डॉक्टर आणि एथिक्स कमिटी यांचे संपर्क क्रमांक असतात. ते रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये त्याच दिवशी साठवून ठेवावेत, पुढच्या दुर्बिणीच्या तारखेसकट.