बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो का?

प्रश्न : मुलगी एमएचटी-सीईटीची तयारी करते आहे. उत्तर बरोबर आलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न अवघड टाकतो, असं तिच्या मैत्रिणी सांगतात. खरं का?
– एक पालक, राळेगाव (जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. सीईटीत उत्तरांप्रमाणे पेपर बदलत नाही. सत्रं अनेक आणि पेपर वेगवेगळे असतात, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो.

मैत्रिणी सांगतात ती पद्धत जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेची. तिथे प्रत्येक उत्तरानंतर संगणक उमेदवाराच्या कुवतीचा अंदाज नव्याने बांधतो आणि त्याच्या आसपासचा प्रश्न काढतो. त्यामुळे हुशार मुलांचेही बरेच प्रश्न चुकतात, तरी गुण चांगले पडतात. किती सुटले याइतकंच किती अवघड सुटले हेही मोजलं जातं. जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत मात्र प्रत्येक प्रश्नानंतर नाही, तर पहिल्या भागातल्या कामगिरीवरून दुसऱ्या भागाचं काठिण्य ठरतं.

लेकीला सांगा, प्रश्न अवघड आला तर त्याचा अर्थ लावत बसू नकोस. सीईटीत गणिताला 50 प्रश्न, 90 मिनिटं. अडलं की पुढे जा, वेळ उरला की मागे ये. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.